खंडेनवमीची रायफल

क्रेगीबर्न,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.
रिकामा सेफ आतून पुसत होतो. धूळ नव्हती, तरी पुसत होतो.

प्रिय देवयानीताई,

नमस्कार. तू, उल्हासदाजी आणि रुचा मजेत असाल. आईला तुमचं हॅरिस पार्क आवडलं असेल. तिथे खाली उतरलं की कोथिंबीर मिळते, इथे त्यासाठी गाडी काढावी लागते, हे ती मला रोज ऐकवत होती.

पत्र तुझ्या फार्मसीच्या पत्त्यावर एक्सप्रेस पोस्टाने पाठवतोय. घरी तुझा फोन आईच्या हातात असतो आणि माझा मेसेज आला की ती तो मोठ्याने वाचते, वर त्यातल्या चुका सांगते. हे तिच्यापर्यंत तसं पोचू नये. आधी तू वाच.

रायफली गेल्या, एवढं तुला माहीत आहे. पोलिसांनी तिन्ही नेल्या आणि लायसन्स तूर्तास थांबवलं. येत्या शुक्रवारपर्यंत मला लेखी खुलासा द्यायचा आहे. त्यावरून ते ठरवणार, लायसन्स परत द्यायचं की कायमचं काढून घ्यायचं. काढून घेतलं तर रायफली विकाव्या लागतील किंवा मोडीत जातील. फोनवर तू म्हणालीस, "जाऊ दे रे, एक कटकट गेली." ताई, मला ते फार लागलं.

तुला या रायफली कधी नीट दाखवल्याच नाहीत. एका वेळी एकच गोळी बसते त्यांत. दस्त्याखालचा लिव्हर खाली ओढला की आतला लोखंडी ठोकळा सरकतो, एक काडतूस ठेवायचं, लिव्हर वर घ्यायचा. बस. पुढची गोळी आपोआप येत नाही. चुकलं तर चुकलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. नेमबाजीच्या क्लबातले लोक हसतात. निनाद म्हणतो, "सारंग, तुझा पहिला बार होईपर्यंत ससा लग्न करून संसाराला लागतो." हसू देत. घाई केली की माझं सगळं बिघडतं, हे तुला ठाऊक आहे. डिप्लोमाचंही तसंच झालं. या रायफलीला घाई चालतच नाही, म्हणून ती मला जमते.

त्यातली मोठी, अक्रोडाच्या दस्त्याची, मी बेंडिगोच्या ग्रॅहमकडून घेतली. म्हातारा माणूस. त्याने आधी माझे हात बघितले, मग विचारलं, "काम काय करतोस?" म्हटलं, कारखान्यात किचनची कपाटं बनवतो. तेव्हा कुठे त्याने ती माझ्या हातात दिली. दस्त्यावरची जाळीची नक्षी हाताने कोरलेली आहे. एक रेघसुद्धा दुसरीत घुसलेली नाही. मी भिंग लावून पाहिलंय. शिकार म्हणशील तर सीमोरजवळच्या एका शेतकऱ्याकडे कोल्हे मारायला जातो, त्याची कोकरं नेतात म्हणून. वर्षभरात दोन मारले. हे आईला सांगू नकोस.

आता खंडेनवमीचं. यातलं निम्मंच तुला माहीत आहे, आणि ते निम्मं मी सांगितलंय.

मी तुला सांगितलं होतं की आईने हट्ट केला. पूजेतलं शस्त्र दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही म्हणाली, म्हणून रायफल पाटावर ठेवून मला कामावर जावं लागलं. इथला नियम असा आहे की वापरात नसली तर रायफल सेफमध्ये, कुलपात. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती ती एक मिनिटही सोडायची नाही. मग तो माणूस आई असला तरी. साध्या रायफलीचा बोल्ट तरी काढून खिशात घालता येतो, मग ती उडत नाही. हिला बोल्टच नाही.

मी गेलो आणि तीन-सव्वातीनला दोन पोलीस आले. माझ्यासाठी नाही! शेजारच्या गल्लीत कोणाच्या तरी गाडीतून कामाची हत्यारं, ड्रिल वगैरे, चोरीला गेली होती, म्हणून घरोघर विचारत होते. आईने दार उघडलं. नवी नऊवारी, नाकात नथ. तिला वाटलं, सणाला कोणीतरी घरी आलं.

"कम, कम. टुडे इज अवर वेपन वर्शिप."

हे शब्द मला त्या दोघांतल्या पोलीसबाईनेच नंतर सांगितले. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं, पण तिला लिहून तर घ्यायचं होतंच. पाटावर लाल कापड, त्यावर माझी पटाशी, रंधा, आईची विळी आणि मधोमध रायफल, झेंडूचा हार घातलेली. बाईने विचारलं, "इज दॅट अ रिअल वन?" आई म्हणाली, "ऑफ कोर्स. सिंगल शॉट." आणि दोघांच्या हातावर खडीसाखर ठेवली. मग त्यांनी विचारलं, ही ज्याची आहे तो कुठे आहे? आईने उत्तर दिलं, "ही हॅज बीन ऑन ड्यूटी सिन्स टू ओ'क्लॉक."

हे एकच वाक्य माझ्या फाइलमध्ये आहे. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

मला फोन आला तेव्हा मी प्लायवुड कापत होतो. पंधरा मिनिटांत घरी पोचलो. आई त्यांच्यासाठी चहा करत होती आणि विचारत होती, आलं चालेल का. मी सेफ उघडून दिला, बाकीच्या दोन काढून दिल्या. हार त्या बाईने स्वतः हळूच काढला आणि देवापुढे नेऊन ठेवला. तिच्यावर राग काढावा अशी काहीच जागा तिने सोडली नाही. तेही मला नको होतं.

त्या संध्याकाळी यतीन आला. तोच, माझ्यासोबत कारखान्यात असतो तो. म्हणाला, "अरे मेट, सोप्पंय. तू कामावर गेलाच नव्हतास. नारळ आणायला गेला होतास दहा मिनिटं. आईंना इंग्लिश येत नाही, काहीतरी बोलून गेल्या."

"त्यांनी पाहिलं तेव्हा माझ्या अंगात कारखान्याचं चमकपट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट होतं."

"अर्धं क्रेगीबर्न हाय-व्हिज घालूनच फिरतं. कोण विचारतंय?"

म्हणून मी तुला फोन केला आणि ते मागितलं. आईचं इंग्रजी कच्चं आहे, तिचा गोंधळ होतो, असं तू सही करून लिहून द्यावंस. तू "बघते" म्हणालीस. का मागतोय ते तू विचारलं नाहीस, मीही नीट सांगितलं नाही.

आईला मात्र मी विचारलं. म्हणजे सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला इंग्रजी येत नाही?"

"फक्त कागदावर म्हणायचं, आई."

"कागदावरच तर येतं मला."

मग मी आवाज चढवला. म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? दारातून परत पाठवायचं होतं. गप्प बसता येत नाही तुला. तिने भाजी बाजूला ठेवली. "तेहतीस वर्षं मिरजेत मी तेच शिकवलं, सारंग. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक सगळ्या वर्गाला कळला, तू सोडून. त्या बाईने एकदाही मला 'सॉरी?' म्हणून परत विचारलं नाही. पहिल्या फटक्यात समजलं तिला. या देशात आल्यापासून पहिल्यांदा." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने तुला फोन करून रुचाची आठवण येते म्हणून सांगितलं आणि तू तिकीट काढलंस. रुचाची आठवण येत असेलच. पण कारण ते नाही. कारण मी आहे.

इथे पत्र तीन तास थांबलं होतं. कपडे धुतले, इस्त्री केली.

ताई, आईने हट्ट केला नव्हता.

दरवर्षीसारखी तिने माझी हत्यारं मांडली होती. रायफल मी आणली. आल्यापासून ती सेफच्या खोलीत पाय ठेवत नव्हती. शैलामावशीला फोनवर सांगायची, सारंग लाकूडकामात आहे. खोटं नाही ते. पण रायफलींचं नाव काढलं की एकच वाक्य, "त्यापेक्षा डिप्लोमा पुरा केला असतास." म्हणून मी मुद्दाम ती पाटावर आणून ठेवली. बघू काय करते, म्हटलं. तिने चष्मा लावला. कुंकू ओलं करायला घेतलं, तर मी म्हटलं, लोखंडाला ओलं नको, गंज धरतो. तिने ऐकलं. लोखंडावर नुसत्या कोरड्या अक्षता टाकल्या आणि गंध दस्त्याला, तेही कडेला, पुसून निघेल असं. मग नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "किती नीट काम केलंय रे. कोणी केलं?" मी ग्रॅहमचं सांगितलं, नळीवरच्या खुणा दाखवल्या. तिने त्या सगळ्या वाचल्या. माझ्या कुठल्या गोष्टीकडे तिने इतका वेळ पाहिलेलं मला आठवत नाही.

पावणेदोनला मी निघालो तेव्हा तीच म्हणाली, "आत ठेवून जा हो. मी अक्षता टाकून हलवते, देवाला चालतं."

मी म्हटलं, असू दे.

नियम मला पाठ आहे. गॅस बंद आहे का हे मी दारातून दोनदा परत येऊन बघतो, तो मी, "असू दे" म्हटलं. ती पाटावर होती, हार घातलेली, आणि आई तिच्यासमोर बसली होती. मला ते मोडायचं नव्हतं. एवढंच आहे. याला खुलासा म्हणतात की नाही, माहीत नाही.

राग अजून गेलेला नाही. स्वतःवर आहेच, पण आईवरही आहे. तिने कधी माझ्या गोष्टींकडे आधी असं पाहिलं असतं तर मला पाट लागला नसता. आणि पोलिसांना सोफ्यावर बसवून चहा विचारायची काय गरज होती, हे मला अजूनही कळत नाही. राग ठेवूनच लिहितोय.

तर तू ते सही करून देऊ नकोस. मी मागितलं होतं हे विसर.

खुलासा मी लिहिलाय, इंग्रजीत दीड पान, सोबत जोडलाय. रायफल मी बाहेर काढली, मी बाहेर ठेवली, आईने आत ठेवायला सांगितलं होतं आणि मी ठेवली नाही. आईचं वाक्य जसंच्या तसं घातलंय आणि खाली लिहिलंय की ते बरोबर आहे. क्लबातले म्हणतात, असं लिहिलंस तर लायसन्स गेलंच समज. मलाही तसंच वाटतं.

मराठी मी नीट लिहितो. इंग्रजी मला तसं जमत नाही. यतीनला दाखवलं तर तो सगळं 'नो वरीज' करून टाकेल. हा कागद आईला दे. काय आहे ते आधी सांगू नकोस, नुसता तपासायला दे. चुका तिने दुरुस्त कराव्यात, मजकूर बदलू नये. 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे, तेवढं तरी तिने बघावंच. बुधवारी स्कॅन करून पाठव, मी उतरवून काढीन आणि गुरुवारी स्वतः नेऊन देईन.

तिने तपासायला नकार दिला, तर तसंच पाठव. चुकांसकट देईन.

तुझा,
सारंग

ता. क. हिशेब मांडल्याशिवाय मला पाकीट बंद करता येत नाही. तीन रायफली, सेफ, लायसन्स आणि क्लबची फी मिळून आजवर खर्च सात हजार एकशे चाळीस डॉलर. देणं: आईच्या तिकिटाचे तुझे एकशे एकोणनव्वद, आणि ग्रॅहमचा शेवटचा हप्ता सहाशे. रायफल राहो न राहो, तो मी पहिल्या तारखेला देणार आहे.