१२,३४,५६७ : मूळ की संयुक्त?

३ डिसेंबर २००१
आठवीच्या वर्गात प्रश्न आला, "सर, एकापासून सातापर्यंत ओळीनं लिवलेला आकडा मूळ संख्या असती का?" मला सांगता आलं न्हाई. गणिताची पदवी घेऊन काय दिवे लावले! आता लेकरांनाच जुंपतो. वर्गमूळ ११११ च्या जरा वर. तिथवर मूळ संख्या १८६. पटावर ६२ लेकरं. एकेकाला तीन भागाकार. एकाचीही बाकी शून्य आली तर संयुक्त, न्हाई तर मूळ.

७ डिसेंबर
हजेरी क्रमांकानं वाटणी केली. तांड्यावरची नऊ लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला गेलेली. पाडव्याशिवाय येत न्हाईत. हजेरीत मात्र रोज हजर. मुख्याध्यापकांचं (मु.अ.) एकच, "पट घसरला की तुकडी जाती, सर." तुकडी गेली तर सगळ्यात नवा मी, अतिरिक्त ठरणार. म्हणून त्या नऊ जणांची हजेरी मीच भरतो. बिनबोभाट.

१४ डिसेंबर
प्रदर्शनाच्या तक्त्यात लेकरागणिक एक ओळ. त्रेपन्न ओळी आल्या. सगळीकडं 'भाग जात नाही'. नऊ रिकाम्या. मु.अ. म्हणाले, "हजर लेकराची ओळ रिकामी कशी हो? तपासणीत काय सांगता?" सत्तावीस भागाकार राहिले होते. खरं सांगायचं तर कंटाळा केला. एवढ्यांचा जात न्हाई, तर यांचा कुठून जाईल? लिहून टाकलं. तक्त्यावर लाल अक्षरात : ही मूळ संख्या आहे.

१८ जानेवारी २००२
हिंगोली, विज्ञान प्रदर्शन. परीक्षक बाईंनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. १२७ गुणिले ९७२१. बराबर तीच संख्या. बाई हसल्या. माझी पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली.
१२७ कुणाकडं होता? क्र. ३१, शेवंता. ती तिकडं उसाच्या मोळ्या बांधून राहिली.


२१ जानेवारी
मु.अ. : "खुलासा लिहून द्या. पोरीचा भागाकार चुकला म्हना, मिटलं." वर प्रार्थनेला जाहीर केलं, शेवंतानं शाळेचं नाक कापलं. ती गावात नव्हती हे अख्ख्या शाळेला ठाऊक. कुणी तोंड उघडलं न्हाई. मीही न्हाई. थू माझ्या जिंदगानीवर.

१५ एप्रिल
पाडवा झाला, तांडा परतला. पोरं शेवंताला 'एकशे सत्तावीस' म्हणून चिडवून राहिली. ती आली, माझ्यासमोर पायरीवर बसली, पाटीवर भागाकार मांडला. पाच मिनिटं. बाकी शून्य.
"सर, हे तर मला येतंय. मंग माज्या नावापुढं 'जात न्हाई' कोनी लिवलं?"
"बघतो," म्हणालो. काय बघणार, कपाळ!

१६ एप्रिल
खुलाशासाठी मु.अ.चा तिसऱ्यांदा निरोप. आज द्यायचाच. कागद घेतला. 'क्र. ३१ ही विद्यार्थिनी त्या दिवशी' इथवर लिहिलं. पुढं
शेवंता आजही पायरीवरच आहे. तिच्या वाटणीचे ४८७ आणि ९०७ राहिलेत, ते करून बघते म्हणाली.