आईची पडद्याची कडी

हॅकनहॅम, नॉर्फक
२ ऑक्टोबर १९९४

सौ. म्युरिएलताईस,
एडविनचा सा. न. वि. वि.

कॉइल मी स्वतः वळली. जुन्या रेडिओतली तांब्याची तार केकच्या डब्याच्या झाकणाभोवती एकेक वेढा अंगठ्याने दाबत बसवली. दांडा बाबांच्या जुन्या खुरप्याचा, तासून हलका केलेला. पेटी बिस्किटांच्या डब्याची. आतल्या सर्किटमधल्या जोडांचा एकही डाग दुसऱ्या कोणी दिलेला नाही, आणि कानांवरच्या फोनच्या गाद्यासुद्धा मीच शिवल्यात. हे सगळं लिहितो, कारण मागच्या पत्रात तू जमिनीतला धातू शोधणाऱ्या माझ्या डिटेक्टरला खेळणं म्हणालीस.

खेळणं कसलं, ते ऐक. बॅरी गेझच्या शेतांत पूर्वी खत म्हणून गावचा कचरा पसरायचे, हे तुला आठवत असेल. त्यामुळे पावलोपावली दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं. आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातली मंडळी दिवसभर वाकून तीच खणतात आणि कंबर धरून घरी जातात. माझं यंत्र झाकणांवर गप्प राहतं. अगदी मुकं. नाणं आलं की बोलतं. गेल्या महिन्यात एडवर्ड राजाची चांदीची पेनी निघाली, नखाएवढी, तर सगळे रांग लावून बघायला आले. नॉरिचच्या एका डिटेक्टर कंपनीचा माणूसही येऊन गेला. पेटी उघडून बराच वेळ आत बघत होता. सर्किट विकणार का, विचारत होता. बघू म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. आईची छाती पुन्हा भरली आहे आणि तिला इथल्या छोट्या इस्पितळात ठेवलंय. तिने लग्नाच्या अंगठीचा विषय काढला. बॅरीच्या लाँगएकर शेतात बीट उपटताना थंडीने बोटं आकसली आणि अंगठी गळून पडली, हेच ती सत्तेचाळीस सालापासून सांगत आली. सिडमामाची जुगाराची देणी फेडायला तिने ती विकली, हे बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले. पडद्याची पितळी कडी अजून तिच्या बोटात आहे. गहू पेरण्याआधी शेत बघ म्हणाली. बॅरीने हातावर हात देऊन परवानगी दिली. सापडेल त्यातलं निम्मं शेतमालकाचं, ही आमची रीत. तो म्हणाला, राजमुकुट सापडला तर आधी माझ्या बायकोला घालून बघू दे, मग निम्मा काप.

गॉर्डनभाऊजींना नमस्कार. थोरलेपणाने माया करतेस तशीच करत राहा.

तुझा,
एडविन


हल
९ ऑक्टोबर १९९४

चि. एडविनला,
म्युरिएलताईचे अ. आ.

तुझं पत्र आलं. खेळणं हा शब्द मागे घेते. बिस्किटांच्या डब्याविषयी मात्र काही बोलत नाही.

आई कडी घालून पहिल्यांदा चर्चला निघाली तो रविवार मला स्वच्छ आठवतो. मी आठ वर्षांची होते, तू टेबलाखाली चमचे वाजवत होतास. बाबा म्हणाले, नवीन अंगठी मिळणार नाही, लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ. आईने खुर्चीवर चढून समोरच्या खोलीच्या पडद्याची एक कडी ओढून काढली आणि बोटात सरकवली. प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसली, हात मुद्दाम पुस्तकावर ठेवून. तेव्हापासून त्या पडद्याचा एक कोपरा लोंबतोय. बाबांनी तो कधी नीट केला नाही, आणि आईने करू दिला नाही.

एक विचारते, रागावू नकोस. तुझं यंत्र अंगठीवर कधी चालवून पाहिलंस का? तुझ्या घरात बायको नाही, म्हणजे अंगठीही नाही. माझी रजिस्टर पोस्टाने पाठवते. गॉर्डन म्हणतात, त्या बोटातून निघायची नाही, आता बोटच पाठव. पण साबण लावला तर निघेल. माझी आईच्याच अंगठीसारखी बारीक आहे. तू लिहिलंस की लगेच टाकते.

आईला सांग, नाताळाआधी येते. अंगावर गरम घाल, उपाशी बाहेर पडू नकोस.

तुझी,
म्युरिएलताई


हॅकनहॅम
६ नोव्हेंबर १९९४

सौ. म्युरिएलताईस,
सा. न. वि. वि.

अंगठी पाठवली नाहीस ते बरं केलंस. पोस्टाचा भरवसा नाही, आणि गरजही नव्हती. सराफाकडून सॉव्हरिन, सोन्याचं नाणं, मागून आणून मी यंत्र केव्हाच चालवून पाहिलंय. वीतभर मातीखालून घंटेसारखा वाजला. सोनं ते सोनं, ताई. नाण्याचं असो नाहीतर अंगठीचं.

लाँगएकर संपवलं. दोऱ्या ताणून पट्टे आखले. एकदा उभे चाललो, मग त्यांना छेद देत आडवे. ओढ्याकाठच्या झाडाशी, आई सांगते त्या जागी, आणखी दोनदा. निघालं काय? बटणं, घोड्याच्या साजाचं एक बकल, झिजलेली तांब्याची पेनी. अंगठी नाही.

दुपारी आईला जाऊन सांगितलं की शेत कोरं आहे. तिने विचारलं, नक्की का? म्हटलं, यंत्र मी बनवलंय, आई. जरा वेळाने तिने नर्सकडून साबण मागितला, कडी बोटातून काढली आणि कपाखालच्या बशीत ठेवली. म्हणाली, मग तुझ्या बाबांचंच खरं असेल, माझंच डोकं फिरलं असेल. थकव्याने बोलत असावी. मी विषय बदलला, एडवर्ड राजाच्या पेनीचं सांगितलं. तिने डोळे मिटले होते.

बॅरी उद्या गहू पेरतोय. कंपनीच्या माणसाचं पत्र आलंय, नव्या वर्षात पक्का आकडा घेऊन येतो म्हणतो.

तू जमलं तर लवकर ये. आठवण असू दे.

तुझा,
एडविन


हल
४ डिसेंबर १९९४

चि. एडविनला,
अ. आ.

घरी नीट पोचले. मी आले तेव्हा आई बोलत नव्हती, म्हणून शेवटचं तिच्या तोंडून काही ऐकायला मिळालं नाही. हात मात्र धरला होता. बोटावर कडीचा हिरवा वळ होता, आणि कडी नव्हती.

दफनाच्या दिवशी तुला सांगितलं नाही, ते आता लिहिते. सगळे चहाला बसले होते आणि तू पाद्रीबाबांना ती चांदीची पेनी दाखवत होतास. मी स्वयंपाकघरात जाऊन बोटाला साबण लावला. तुझं यंत्र कोपऱ्यात उभं होतं. ते घेऊन मागच्या दाराने परसात गेले. गवतावर माझी अंगठी ठेवली आणि वरून फिरवलं. काही नाही. मला वाटलं, मला चालवता येत नसेल. मग जुनं अर्ध्या क्राउनचं नाणं ठेवलं, तर असं किंचाळलं की कानांवरचे फोन काढावे लागले. पुन्हा अंगठी. पुन्हा मुकं. दुधाच्या झाकणावर राहतं ना, तसंच.

गॉर्डन दारात उभे होते. म्हणाले, आज नको बोलूस. म्हणून बोलले नाही. पण गप्पही राहवेना, एडविन. तू तिला शेत कोरं आहे म्हणालास. अंगठी सापडली नाही म्हटलं असतंस तर एक वेळ चाललं असतं. तू म्हणालास, कोरं आहे. सत्तेचाळीस वर्षं ती एका बोलावर उभी होती.

रागाने लिहिते आहे, पण तुझीच आहे. जेवत जा.

म्युरिएलताई


हॅकनहॅम
१५ जानेवारी १९९५

सौ. म्युरिएलताईस,
एडविनचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. आधी खात्री करायची होती. ती झाली, आणि मग लिहायला हात उचलेना.

सॉव्हरिन जाड असतो, भरीव असतो. बारीक वळ्याची, हलक्या सोन्याची अंगठी यंत्राला झाकणासारखीच ऐकू येते. क्लबातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणून तर ते बापडे प्रत्येक झाकण खणतात. मी त्यांना हसायचो. विचारायला मात्र गेलो नाही.

पेटी उघडली आणि झाकणांवर यंत्राला गप्प ठेवणारी तार पक्कडीने तोडली. बॅरीकडे गेलो तर गहू वीतभर वर आलेला. तो म्हणाला, एका माणसाच्या बुटांनी माझा गहू मरत नाही, जा. ओढ्याकाठच्या झाडापासून सुरुवात केली आणि जे वाजेल ते खणलं. झाकणांनी बादली भरली, ओतली, पुन्हा भरली. बर्फाळ माती सुरीने फोडत होतो. बोटं आकसून पांढरी पडली तेव्हा आईचे हात डोळ्यांसमोर आले.

अंगठी झाडापाशीच होती. आई सांगायची तिथे. दोन वेळा नव्हे, दोऱ्यांचे पट्टे धरून चार वेळा मी तिच्यावरून चाललो होतो.

बॅरीपुढे ठेवली. रीतीप्रमाणे निम्मी त्याची. तो चिडला. म्हणाला, एडविन लार्टर, लोकांच्या आयांच्या अंगठ्या कापायचा धंदा मी कधीपासून सुरू केला? मग टोपी काढून अंगठीकडे बघत राहिला. अंगठी हरवली त्या दिवशी त्याचे वडील शेतात होते म्हणे, आईला मातीत हात घालून शोधताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कोणी विचारलंच नाही.

अंगठी घासली नाही, फक्त पाण्याने धुतली. आईच्या थडग्यावर, उशाच्या बाजूला, हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडला, खाली ठेवली आणि पुन्हा तसाच बसवला. आमच्या कामात खणलेलं दिसू नये असं भरता यावं लागतं, ते मला येतं. तुला आधी विचारायला हवं होतं. पण आता मातीतून काही वर काढायला मन होत नाही. तिला मोठ्याने सांगितलं की तुझंच खरं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

कडी इस्पितळाने पाकिटात घालून दिली होती. ती समोरच्या खोलीत परत अडकवली. पडदा आता सरळ पडतो. मला त्या खोलीत बसवत नाही.

तू राग कमी करू नकोस, हवा तेवढा ठेव, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझा,
एडविन

ता. क. नॉरिचच्या कंपनीचा माणूस मंगळवारी आला होता. त्याला झाकणांवर मुकं राहणारं सर्किटच हवं होतं, बाकी काही नको. तोडलेली तार दाखवली आणि परत जोडणार नाही म्हणून सांगितलं. तो आठ हजार पौंड देत होता.