जिम कायम झाला नव्हता

प्रिय आप्पा,

दर रविवारी फोन होतो, तरी हे पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. तालमीची फुटबॉल टीम कुणाकडून हरली, रेफ्री कसा आंधळा होता, यातच वेळ संपतो आणि मग आई फोन ओढून घेते. पत्रात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण वाचलं. रद्दीवाल्याकडून उचललेल्या इंग्रजी पुस्तकातल्या मिशाळ जिमवर कोल्हापुरात बसून कुणी मराठीत पुस्तक लिहील, असं त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. नाद खुळा आहे तुमचा! राणी व्हिक्टोरियाच्या काळातला गिरणी कामगाराचा पोरगा, अठराव्या वर्षी पगारावर फुटबॉल खेळायला लागला आणि शनिवारी अख्खी गिरणी त्याला बघायला लोटायची, हे तुम्ही असं रंगवलंय की मला आपलंच मैदान दिसलं. तीस वर्षं तुम्ही तालमीच्या टीमचे सेक्रेटरी होतात, ते ओळीओळीत कळतं.

पण त्या प्रकरणात एक घोडचूक आहे आणि ती माझी आहे. तुम्ही पानांचे फोटो पाठवायचात, मी मराठी करून द्यायचे. सीझन संपल्यावर क्लबनं काढलेल्या यादीत जिमच्या नावापुढे ‘रिटेन्ड’, म्हणजे ‘राखून ठेवलेला’, असं होतं. मी बिनदिक्कत ‘कायम’ लिहिलं. आपल्याकडे माणूस नोकरीत कायम झाला की पेढे वाटतात, मग तुम्ही तरी काय करणार? ‘जिम कायम झाला’ असं प्रकरणाला नाव देऊन त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंत. पुढची पानं मी नंतर वाचली. गुडघा दुखावला म्हणून क्लब त्याला खेळवत नव्हता, पगारही बंद केला होता, पण यादीतून नाव काही सोडेना. त्यामुळे लीगमधला दुसरा कुठलाच संघ त्याला घेऊ शकत नव्हता. दोन वर्षं तो पुन्हा मागावर उभा राहिला आणि शनिवारी तिकीट काढून आपल्याच क्लबची मॅच बघत बसला. त्याला नुसतं अडकवून ठेवलं होतं हो, आप्पा.

हीच चूक मी दोनदा केली. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीनं निम्म्या लोकांना घरी पाठवलं. मला जे पत्र दिलं त्यात हाच शब्द होता आणि मी घाईघाईत तुम्हाला फोनवर म्हणाले, मला कायम केलं. तुम्ही पेढे वाटलेत ते वाटलेत, वर माझा गॉगलवाला फोटो लावून चौकात फ्लेक्स! ‘निहारिका सिंगापुरात कायम! हार्दिक अभिनंदन!’ आईनं फोटो पाठवला तेव्हा मी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवत होते. तो फ्लेक्स अजून आहे म्हणे, तुम्ही काढू देत नाही.

खरं सांगते, चार महिने मला काम नाही. प्रोजेक्ट बंद झालं, पुढेमागे लागेल म्हणून मला ठेवून घेतलंय. रोज बेडोकहून एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, ऑफिसला जाते, कार्ड लावून आत शिरते आणि सहापर्यंत बसून राहते. एवढं काम असून पोरगी पानं झटपट करून देते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता ना, ती सगळी पानं मी ऑफिसातच केली. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं काम करायचा परवाना, या कंपनीच्या नोकरीपुरताच आहे. दुसरीकडे जायचं तर त्या नव्या कंपनीनं नवा काढायला हवा. दोन ठिकाणी निवड झाली, दोन्हीकडे पासवर गाडी अडली. पगार वेळेवर येतो, मग रडायचं तरी कुणापाशी? घरमालकीण आंटी म्हणते, गो होम लाह, युवर मदर वेटिंग. तिला काय सांगू, चौकात माझा फ्लेक्स लागलाय म्हणून?

जिमचं वाचताना मला सारखे आपल्या टीमकडून खेळणारे मनोहरकाका आठवत होते. मी आठवीत होते. पलीकडच्या पेठेच्या टीमनं त्यांना बोलावलं, त्यांना जायचं होतं, आणि तुम्ही ना-हरकत पत्रावर सही केली नाहीत. रागानं आपल्या टीममध्येही उतरवलं नाहीत. दोन सीझन ते कट्ट्यावर बसून राहिले, मग खेळच सुटला. तुमचा त्यांच्यावर फार जीव होता, म्हणूनच तुम्हाला सोडवेना, हे मला कळतं. पण अजूनही ते आपल्या दारावरून मान खाली घालून जातात आणि तुम्ही पेपर तोंडासमोर धरता.

काल मी राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात एकवीस तारखेला घरी येतेय. नोकरी शोधेन, पुण्यात, कोल्हापुरात, मिळेल तिथं. लोक हसतील, तुम्हाला चौकातून जाणं नकोसं होईल, या एका भीतीनं मी इतके दिवस त्या खुर्चीत बसून काढले. यायला मला कुणाची सही लागत नाही. तरी तुमचं ना-हरकत पत्र हवंय, आप्पा. दोन ओळी लिहा आणि खाली सही करा. मनोहरकाकांना दिलं नाहीत, ते मला द्या.

तुमच्याच टीमची,
निहारिका