मंडळीसाठी खोली

रविवार, ८ जून

अजून छातीत धडधडतं आहे. पहिली उपासना झाली, ती अशी!

चार वाजता आम्ही चौदा जण जिना चढलो. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या दोघी मावश्या आणि त्यांच्या घरचे, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याची म्हातारी आई. पहिलं गीत सुरू होतंय तोच घरमालकीणबाई दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"ही कोण माणसं?"

"मंडळी," मी म्हणालो.

"मंडळीसाठी खोली हवी म्हणालात. मी समजले, बायकोसाठी!"

मला दरदरून घाम फुटला. लहानपणापासून माझ्या तोंडी मंडळी म्हणजे चर्च, प्रभूची माणसं. बायकोलाही मंडळी म्हणतात हे काय मला ठाऊक नाही? पण त्या वेळी ते डोक्यातच आलं नाही. बाईंनी खिडकीला नवे पडदे लावले होते. मोरीत बादली ठेवली होती. माझ्या बायकोसाठी.

ड्रायव्हर हसू दाबायला खोकत होता. बाईंनी त्याला विचारलं, "क्षय आहे का तुम्हाला?"

सोमवार, ९ जून

हॉस्पिटलच्या लाँड्रीतून सुटल्यावर बाईंकडे गेलो. माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "खोटं बोलला नाहीत, हे मान्य. पण खोली मी बायकोसाठी दिली. तेव्हा बायको दिसली पाहिजे. ज्याच्या घरचं माणूस त्याच्यासोबत नाही, त्याच्यामागे चौदा जण का येतात, ते मला तरी कळत नाही. ऑगस्ट संपेपर्यंत बघते."

मी सुन्न होऊन जिना उतरलो. त्यांना कुठून कळलं, की ही येत नाही?

मंगळवार, १० जून

कुठून म्हणजे काय. मीच सांगितलं असणार. माझा चेहरा चुगलखोर आहे.

जुनं चर्च नदीपलीकडे. उपासना सकाळी नऊला. आम्हा लाँड्रीवाल्यांची आणि वॉर्डवाल्यांची रविवारची सकाळ ड्यूटीत जाते. कित्येक वर्षं मी ती वेळ चादरींच्या वाफेत काढली, मशीनच्या आवाजात गीतं पुटपुटत. म्हणून वाटलं, दुपारी चारला आपणच जमावं. मी पाळक नाही. गावच्या शाळेत शिकलो तेवढंच. पण वचन वाचता येतं.

हिला विचारलं तेव्हा ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आईच्या बाकड्याशिवाय माझी प्रार्थना होत नाही."

जुन्या चर्चमध्ये खिडकीजवळचं ते बाकडं हिच्या वडिलांनी घडवलेलं. हिची आई जन्मभर त्यावर बसली. आता ही बसते.

मी पुन्हा विचारलं नाही.

रविवार, १५ जून

खोलीत आधी व्यायामशाळा होती. एक अख्खी भिंत आरशांची. काढायचे नाहीत, ही बाईंची अट. आम्ही खाली फरशीवर बसतो, आणि चौदाचे अठ्ठावीस दिसतो. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, देवाने आठवड्यात मंडळी दुप्पट केली बघा."

थोरली मावशी एका डोळ्याने प्रार्थना करते आणि दुसऱ्याने केस सारखे करते. मी पाहिलं, म्हणजे माझेही डोळे उघडेच होते.

रविवार, २९ जून

आज नऊच जण.

रविवार, ६ जुलै

दोघी मावश्यांचं वाजलं. पहिलं गीत कोणी उचलायचं यावरून! धाकटी म्हणाली, "तिचा सूर वरती स्वर्गात असतो, आम्ही अजून जमिनीवर आहोत." थोरली उठली आणि नवऱ्या-मुलांना घेऊन गेली. मी जिन्यापर्यंत मागे धावलो. लाँड्रीत बॉयलर फुटता फुटता वाचला होता, तेव्हाही मी इतका गारठलो नव्हतो.

शनिवार, १२ जुलै

मेहुणा आला होता. तो जुन्या चर्चच्या कमिटीवर आहे. चहा पिता पिता हसत म्हणाला, "दाजी, स्वतःची मंडळी आणता येईना, आणि निघालात मंडळी उभी करायला."

ही स्वयंपाकघरात होती. भांड्याचा आवाज थांबला. बाहेर मात्र आली नाही.

हसण्यावारी नेलं. रात्री जेवण गेलं नाही.

रविवार, २७ जुलै

पाच जण. ड्रायव्हरने एक तोड काढली. "भाऊ, माझी बहीण पुढच्या रविवारी येते आहे. डोक्यावर पदर घेऊन बसवू. बाईंनी वहिनींना कुठे पाहिलंय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो मनापासून बोलत होता. सर्वांत मोठा धक्का पुढेच — क्षणभर मला ते पटलं!

नाही म्हणालो. आवाज चढला असावा, कारण आजींनी, म्हणजे त्याच्या आईने, माझा हात दाबला.

हिलाही एकदा तरी चल म्हणता येईल. पण मग ही खोलीसाठी येईल, प्रार्थनेसाठी नाही. म्हणजे तीही उसनीच बायको झाली.

रविवार, ३ ऑगस्ट

आजी आल्या नाहीत, ड्रायव्हरही नाही. म्हातारी आजारी पडली असेल म्हणून सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. आजी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. धडधाकट.

"मी सकाळीच जाऊन आले रे, नदीपलीकडे. तुझ्या बायकोने नेलं. तिच्या बाकड्यावर बसवलं."

मी सायकलला धरून उभा राहिलो.

त्याच रात्री

भांडलो. म्हणजे मीच भांडलो.

म्हटलं, "चार माणसं होती, त्यातलीही पळवलीस?"

ही म्हणाली, "अहो, पळवायला ती काय कोंबडी आहे? फरशीवरून उठताना दोघांनी बखोटीला धरून उचलावं लागतं तिला. गुडघे सुजलेत. रस्त्यात भेटली तेव्हा रडत होती. तुम्हाला सांगायला लाजते. मी बसायला जागा दिली."

आठ रविवार मी त्या गुडघ्यांसमोर उभा राहून वचन वाचत होतो. मला दिसले नाहीत. समोर एवढे आरसे असून दिसले नाहीत.

रविवार, १० ऑगस्ट

प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. आजींसाठी. ती रिकामी राहिली. धाकटी मावशी एकटीच आली. तिची ड्यूटी बदलली आहे, आता रविवारी दुपारची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "दादा, सोडू नका हं." आणि स्वतः गेली.

बुधवार, २० ऑगस्ट

इस्त्री करताना चादर जळाली. इतक्या वर्षांत पहिली. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. हिलाही सांगितलं नाही.

हल्ली ही संध्याकाळची भावाकडे जाते. काय काम, विचारलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

कोणी नाही.

साडेचारपर्यंत थांबलो. मग उभा राहिलो आणि सगळी उपासना केली. गीत म्हटलं. वचन वाचलं. दोघं-तिघं जमले तरी प्रभू येतो, एवढाच भरवसा होता. आरशातला धरून आम्ही दोघं होतो. तो थकलेला दिसला. कानशिलं पांढरी झालीत त्याची. मला ओळखूच आला नाही.

त्याच्यासाठी प्रार्थना केली.

उतरताना बाई जिन्यात भेटल्या. "आज तर कोणीच आलं नाही. मग इतका वेळ कोणाशी बोलत होता?"

"पुढच्या रविवारी किल्ली देतो," एवढंच म्हणालो.

शनिवार, ३० ऑगस्ट

उद्या शेवटची. फरशी पुसून आलो. आरसेही. पडदे धुऊन, कडक इस्त्री करून पुन्हा लावले. बाईंचे आहेत.

देवा, मी सोडलं नाही. तुला ठाऊक आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

चारला जिन्यात दणदण आवाज. मला वाटलं, बाई कुलूप लावायला माणसं घेऊन आल्या. दार उघडलं तर आधी बाकडं आत आलं. एका टोकाला मेहुणा, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर. मागून आजींचा हात धरून ही.

मी दार धरून बाजूला झालो.

"जूनपासून कमिटीकडे मागते आहे," ही म्हणाली. "मी बाकड्याशिवाय होत नाही म्हणाले होते. येणार नाही असं कधी म्हणाले?"

मेहुणा घाम पुसत होता. "दाजी, तुमची मंडळी फार जड आहे हो."

घरमालकीणबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी हिला नीट न्याहाळलं, मग बाकड्याला. "हीच का मंडळी?"

मी मान डोलावली.

ही आजींना घेऊन बाकड्यावर बसली होती. हिने सरकून बाईंना जागा दिली.