डाव्या बाजूची चेन

१२ जुलै १९७८

आणली! खडकीच्या भंगारवाल्याकडून चिंचवडपर्यंत ढकलत आणली. दोघांनी मारायची सायकल: दोन सीटा, दोन हँडलं, चार पायडलं — त्यातलं एक गायब. कुठल्यातरी गोऱ्या साहेबाची नि त्याच्या मडमेची असणार. भंगारवाल्याच्या कोंबड्या रात्री तिच्यावरच बसायच्या, त्यामुळे मागची सीट पांढरीफटक. मी म्हणालो, ही देता का? तो म्हणाला, "न्याल तर उपकार होतील, वर एक कोंबडी देतो." कोंबडी काही दिली नाही.

हरिहर बरोबर होता म्हणून जमलं. टायर नाहीत, नुसत्या रिमांचा खडखडाट. दापोडीला एक टांगेवाला ओरडला — "अहो, घोडं मेलं का तुमचं?" कासारवाडीला पोरी हसल्या. हरिहर म्हणाला, "हसू दे राव. पुढल्या टायमाला घंटी वाजवत जाऊ."

हरिहर थेरगावचा. माझे वडील, म्हणजे दादा, नोकरीला आहेत त्याच कंपनीत मिलिंग मशीनवर टेंपररी आहे. सहा महिने होत आले की कंपनी ब्रेक देते, म्हणजे घरी बसवते — पर्मनंट करायला लागू नये म्हणून. मग दोन महिन्यांनी परत बोलावणं. तीन वर्षं त्याचं असंच चाललंय. पुढचा ब्रेक सप्टेंबरच्या शेवटी.

तर ठरलं! ब्रेक लागला की दसऱ्याला सीमोल्लंघन. पण खरंखुरं. वेशीवर जाऊन पानं वाटून घरी पुरणपोळीला येतात तसलं नाही. कुंभार्लीचा घाट उतरायचा, चिपळूण, मग समुद्राच्या कडेकडेनं खाली, चाकं नेतील तिथवर. हरिहरनं समुद्र पाहिलेला नाही. मी आजवर तीनदा पळालो — हुबळी, भुसावळ, आणि एकदा नुसतंच लोणंद — नि दर वेळी परत आलो. एकट्याला संध्याकाळ खायला उठते. दोघं असलो तर परत येणार नाही.

१३ जुलै

दादांनी सायकलभोवती एक चक्कर मारली नि आत गेले. आई म्हणाली, "मग नोकरीचं काय ठरवलंस?"

२३ जुलै

सगळी खोलली. छर्रे रॉकेलमध्ये. आईचं जुनं पातेलं घेतलं म्हणून बोलणी खाल्ली.

युक्ती कळली. उजव्या बाजूला नेहमीची चेन, मागच्या पायडलापासून चाकाला. डाव्या बाजूला दुसरी, लांबलचक, पुढच्या पायडलाला मागच्याशी जोडणारी. ती नसली तर पुढच्याचे पाय नुसते हवेत फिरणार. आणि नेमकी ती चेन नाहीच, शिवाय तिचं पुढचं दातेरी चाक निम्मं बोडकं! पिंपरी कॅम्पातली दुकानं पालथी घातली. एक शेठजी पोट धरून हसला, "ऐसा माल विलायत में मिलेगा, साईं."

चेनचं सोपं आहे, दोन जुन्या चेना जोडायच्या. चाकाचं काय?

६ ऑगस्ट

टायर आणायला निघालो होतो. पिंपरी स्टेशनबाहेर एकजण पेट्या दुरुस्त करत बसला होता — बाजाच्या पेट्या. भाता उघडलेला. आत उंदरानं घर केलेलं! तो एकेक सूर काढून धुवून परत बसवत होता, मी बघत बसलो. दिवस गेला. टायरांची दुकानं बंद. हरिहर चिडला. "तुला कुणी बी पुंगी वाजवली की निघालास त्याच्या मागं!" खरं आहे. पण तो 'नी' सूर काय लागला होता शेवटी!

१८ ऑगस्ट

चाक झालं!! हरिहरनं कंपनीत कापलं, जेवणाच्या सुट्टीत, थोडं थोडं करून. तिथं सगळेच करतात म्हणे. कुणी पोळपाटाला पाय लावून नेतो, कुणी देवघराची घंटा. लहान वस्तू डब्यात भाताखाली जाते. हे डब्यात मावेना, म्हणून पठ्ठ्यानं पोटाला बांधून शर्ट बाहेर सोडला. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काय रे, टेंपररीला बी पोट सुटाय लागलं?" सांगताना हरिहर हसून हसून खाली बसला. पोटावर दातांचे वळ उठले होते.

दादांना कळता कामा नये. दादा टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी ठेवतात. कंपनीची पेन्सिल चुकून खिशात आली तर सकाळी आठवणीनं परत नेतात. मागं शेजारच्या शालनबाईंचा नवरा करवतीचं एक पान नेताना सापडला तेव्हा साक्ष दादांनीच दिली. त्याचं काम गेलं. शालनबाई अजून आईशी बोलत नाही.

चाकाला काळा रंग दिला. आता कुणाला कळायचं नाही.

३ सप्टेंबर

ट्रकवर नावं रंगवणारा किसन आहे, त्याच्याकडचा उरलासुरला लाल रंग मारला. थोडा कमी पडला म्हणून मागचा मडगार्ड हिरवा. किसननं फुकटात कमळ काढून दिलं. कमळाशेजारी 'पुन्हा भेटू' लिहायला निघाला होता, हात धरला! आम्हाला कुणाला पुन्हा भेटायचं नाही.

चेना जोडल्या, पण ढिली बसते, लोंबते. हरिहर म्हणाला, "आन इकडं. कंपनीत बरूबर करून आनतो." पिशवीत घालून घेऊन गेला. दर रविवारी आई आम्हाला पोहे देते. आज हरिहरला दोनदा वाढले.

१० सप्टेंबर

चेन आली नाही. कंपनीत गर्दीचं काम आहे म्हणे.

१७ सप्टेंबर

चेन नाही. विसरला.

२४ सप्टेंबर

आजही विसरला! बाकी सगळं तयार. मागच्या सीटवर बसून पायडल मारलं, चाक सुरेख फिरतं. पुढच्या सीटवर बसून मारलं — काही नाही. पाय फिरतात, सायकल जिथल्या तिथं.

२६ सप्टेंबर

निरोप आला. ब्रेक लागला, पण भिमाबाई, त्याची आई, तापानं फणफणलीय, म्हणून तो येऊ शकत नाही. बिचारा. उद्या-परवा जाऊन बघतो.

२८ सप्टेंबर

नीट लिहितो.

मोसंबी घेऊन थेरगावला गेलो. भिमाबाई दारात शेण्या थापत होती. ठणठणीत! म्हणाली, "ये सुरेंदर. आजारी? मी? कोन मुडदा सांगतो? थांब, हात धुते, पेढा घे."

पेढा कसला?

"आता गं बया! तुला म्हाईत न्हाई? पर्मनंट झालं की पोरगं! गनपतीच्या आदी. आख्ख्या आळीला वाटलं. तुला दिला न्हाई व्हय त्यानं?"

मी पेढा हातात धरून उभा. हरिहर कुठं विचारलं. "कंपनीत. फस्ट शिफ्टला." मग तिनं खुंटीकडं बोट केलं. "आनि ह्यो तुमचा साप कवा नेतोस बाबा? भिंत काळी झाली माझी."

चेन. खुंटीला टांगलेली. नीट कापलेली, तेल दिलेली. किती दिवसांपासून विचारलं तर म्हणाली, आणली त्या दिवशीच रात्री बसून केली की त्यानं.

मोसंबी तिथंच ठेवली. चेनला हात लावला नाही. पेढा पुलावरून नदीत टाकला.

२९ सप्टेंबर

शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहिलो. आला. पायात नवे काळे बूट. ते पर्मनंटलाच मिळतात. माझ्याकडं येताना चपला घालून यायचा!

"आईचा ताप उतरला का?" मी विचारलं.

त्यानं एक बूट दुसऱ्यामागं ओढला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुज्या दादांनी सांगू नगं म्हटलं. त्यांनीच सायबाकडं शब्द टाकला माझा. म्हणाले, सायकल लांबव जरा. दसरा निघून गेला की त्याचं डोकं थंड व्हतं."

"आणि तू लांबवलीस."

"सुऱ्या, तू पळालास नि परत आलास तर ताट वाढलेलं असतं तुझं. माझ्या म्हातारीचं ताट कोन वाढनार?"

मी वळून चालायला लागलो. बोलायला पाहिजे होतं. मला सांगितलं असतंस तर मीच पेढे वाटले असते, असं. ते सुचलं आकुर्डीच्या फाटकापाशी आल्यावर. आकुर्डीकडं का गेलो तेही माहीत नाही. घर उलट्या बाजूला.

३० सप्टेंबर

दादांना विचारलं. वर्तमानपत्र खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"एका पोराला भाकरी लागली. एक पोरगा घरात राहिला. यात वाईट कुणाचं झालं ते सांग."

आईकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती. "काळजीपोटीच केलं ना रे." म्हणजे तिलाही माहीत होतं! दर रविवारी पोहे वाढताना माहीत होतं. सायकल पुसायला फडकं काढून देताना माहीत होतं. मी एकटाच मूर्ख, बाकी सगळे माझं खेळणं सांभाळत होते.

आणि हरिहर ओसरीवर बसून कोकणच्या नकाशावर बोट फिरवायचा. "राजापूर आलं की मासं खाऊ." पर्मनंट झाल्यावरही म्हणायचा!

४ ऑक्टोबर

कुणाशी बोलत नाही. सायकल गोणपाटाखाली.

खंडेनवमी

दादांनी सकाळीच गोणपाट काढलं. सायकल पुसून ओसरीवर घेतली. पाटावर माझे पाने, हातोडी, पंप. त्यांचं फाउंटन पेन, आईची विळी. सायकलला झेंडूची माळ. "हत्यारावर राग धरू नये," म्हणाले. म्हणजे समेट. त्यांच्या परीनं माफीच असेल ती. मला ते आणखीच झोंबलं.

हळदकुंकू लावत लावत बोट डाव्या बाजूच्या चाकावर आलं. काळा रंग एका जागी उडालेला, खाली नवं पोलाद चमकत होतं. दादा म्हणाले, "हे छान मिळालं रे. कुठं मिळालं?"

मी म्हणालो, "तुमच्या पर्मनंट माणसाला विचारा! कंपनीचं पोलाद, कंपनीचं मशीन, आणि पोटाला बांधून गेटबाहेर. लावा त्याला कुंकू!"

आई "सुरेंद्र!" म्हणून ओरडली.

दादांनी त्या चाकावरचं फूल उचललं. बाजूला ठेवलं. बाकीची पूजा शेवटपर्यंत केली, आरतीसुद्धा.

दादा कसे आहेत ते मला माहीत नव्हतं असं नाही. बोलायच्या आधी ते डोक्यात होतं का बोलून गेल्यावर आलं, ते आता ठरवता येत नाही. ठरवायचंही नाही.

दसरा

हरिहर आला. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात पिशवी.

"सोनं घे, राव. आनि ही चेन बी घे. चुकलं माझं."

"ठेव तिथं," मी म्हणालो. पान घेतलं नाही.

दादा बाहेर आले. तो वाकला, पान दिलं. दादांनी घेतलं, त्याला दिलं. डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "उद्या आल्याबरोबर मला भेट."

"व्हय दादा!" चेहरा फुलला त्याचा. काहीतरी चांगलंच असणार असं वाटलं त्याला. जाताना वळून माझ्याकडं बघून हसला.

मी दारातच उभा. हाक मारायला एक श्वास पुरला असता. दादा समोर होते म्हणून नाही मारली असं लिहिणार होतो, पण दादा केव्हाच आत गेले होते.

चेन चढवली. काटेकोर बसली. कुठं लोंबत नाही.

१४ ऑक्टोबर

काढलं त्याला. कंपनीनं बूट काढून घेतले, तो अनवाणी बाहेर आला असं शालनबाई आळीभर सांगतेय. आईशी बोलायला लागली ती, हे सांगण्यासाठी.

दादा म्हणाले, "शब्द मी टाकला होता, मीच परत घेतला." जेवले नाहीत. मी जेवलो.

१९ ऑक्टोबर

हरिहर आला. ओसरीवर बसून रडला. "कुनी सांगितलं असंल रे? डिपार्टमेंटात सगळेच करत्यात, एकमेकाचं कोन सांगत न्हाई. सगळ्यांकडं बघतोय, कळत न्हाई." मग डोळे पुसले. "तुज्याशी मी वाईट वागलो, तरी तूच एक उरलास बघ. म्हातारी मामाकडं गेली. चल, जाऊ. म्हनशील तिथं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "सोड रे. कुणीतरी जळका असेल."

उद्या पहाटे दोघं निघतोय.