दीपालीचा रोबो वळला, त्याची हकीकत

वारजे, पुणे
फाल्गुन पौर्णिमा, मार्च २००७

आदरणीय आक्कांना धाकट्या भावजयीचा, शालनचा, सविनय जय भीम.

नागपुरात ऊन चढले असेल. आपली पाठ कशी आहे? तिकडे झोपायला गादी आहे की सतरंजी, ते मुद्दाम कळवावे. आमच्या विहारातल्या बायका म्हणतात की जमिनीवर झोपल्याने पाठ सुधारते, आणि अलीकडे मलाही ते फार पटू लागले आहे. संजयच्या बाळाचे पापे घ्यावेत. इकडे हे बरे आहेत. (यांचे बरे असणे म्हणजे पेपर वेळेवर येणे, आपल्या भावाचा स्वभाव आपण जाणताच.) फोनच करणार होते, पण आपण मधेच ‘थांब गं, बाळ उठलं’ म्हणता आणि माझा मुद्दा तिथेच राहतो. पत्राला कोणी थांब म्हणत नाही.

तर आपली दीपाली कॉलेजतर्फे रोबोच्या स्पर्धेत उतरली आहे. रोबो म्हणजे माणसासारखा डोके-हात असलेला नव्हे. चार चाकांवर एक सांगाडा, त्यावर मोटारी, बॅटरी आणि वायरींचे जंजाळ. हाताने चालवायचा एक आणि आपोआप चालणारा एक, असे दोन करावे लागतात. पहिल्याची चासी, म्हणजे तो सांगाडा, आणि मोटारीची ताकद चाकांपर्यंत पोचवायची सगळी व्यवस्था दीपालीकडे आली. कौतुकाने नव्हे, बाकी सगळ्यांना कॉम्प्युटरपुढे बसायचे होते म्हणून. त्यांचा कॅप्टन श्रीनिवास. मुलगा सज्जन आहे. (‘काकू, चहा नको’ म्हणतो आणि दोन कप घेतो.) पण त्याने बजावले होते, की रविवारच्या चाचणीत दीपालीची चासी वजनात बसली नाही किंवा नीट वळली नाही, तर सीनियर मुलांची गेल्या वर्षीची चासी वापरायची आणि दीपालीने रिपोर्ट लिहायचा. आक्का, पोरीचे अक्षर चांगले आहे हे खरे, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

मी मॅट्रिक झालेली. चासी म्हणजे काय ते मी आमच्या वाण्याचा टेम्पो मोडला तेव्हा कळून घेतले होते, त्यापुढे मजल नव्हती. पण वस्तू हॉलमध्ये पडलेली, रोज तिच्याभोवती झाडायचे, मग विचारल्याशिवाय कसे राहवेल? मोटारीला छोटी दातेरी चकती आणि चाकाला मोठी, असे का, हे मी विचारले. दीपाली म्हणाली, मोटार भरभर फिरते पण तिच्यात जोर नसतो. वेग घालवून जोर विकत घ्यायचा. मला लगेच पटले. मिक्सर भुर्रकन फिरतो आणि तांदळाशी अडतो, वाटणाचा दगडी ग्राइंडर सावकाश फिरतो आणि काहीही वाटतो. हे मी यांना समजावून सांगितले. हे पेपर खाली न करता म्हणाले, ‘मग त्याला इडलीचं पीठ वाटता येतं का?’

पहिली चासी आम्ही माळ्यावरच्या जुन्या रॅकच्या लोखंडी अँगलची केली. विकत काही आणू नये हा आग्रह माझा. कसबा पेठेतल्या एका वेल्डिंगवाल्याने ती इतकी मनापासून जोडली की वरून रणगाडा गेला असता. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे वजन केले तर बॅटरी ठेवायच्या आधीच नियमाची मर्यादा ओलांडलेली. रद्दीवाल्याने तिथल्या तिथे भावही सांगितला. माझ्या काटकसरीमुळे पोरीच्या हातची गोष्ट जाते की काय, या विचाराने मलाही घास गोड लागेना.

मग घरातल्या घरातच हलकी नळी मिळाली. अ‍ॅल्युमिनियमची, गोल, सरळ. (कोठे मिळाली ते पुढे येईलच.) मी नळी धरली, तिने करवत चालवली. नवी चासी मी एका हाताने उचलून मोरीपर्यंत नेऊन पुसून आणली, इतकी हलकी. रद्दीवाल्याचा काटा यावेळी खाली राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

पण आक्का, वस्तू हलकी झाली म्हणजे शहाणी होत नाही. सरळ जायला सांगा, घरजावयासारखी निमूट जाते. वळायला सांगितले की थरथरते, बेडकासारखी जागच्या जागी उड्या मारते आणि फरशीवर रबराचे काळे ओरखडे. ते घासता घासता मी विचारले, की असे का करते गं? ती म्हणाली, जागेवर वळायचे तर एका बाजूची दोन चाके पुढे, दुसऱ्या बाजूची दोन मागे फिरतात, आणि चारही चाकांना थोडे आडवे घसरावे लागते. रबर घसरायला तयार नाही. म्हणजे कपाट सरकवताना खाली पोतेरे घालतो, तेवढेच हवे होते. पण हे मला तेव्हा सुचले असे मी म्हणणार नाही. मी नुसतीच ‘अस्सं’ म्हटले आणि घासत राहिले.

शनिवारी मी शिवणयंत्राला तेल घालते, हा माझा नेम आपल्याला माहीत आहे. बुधलीत थोडे उरले होते. तेल उरवून ठेवणे मला जमत नाही, आणि समोर रोबो करकरत होता. त्याच्या पुढच्या दोन चाकांना मी यंत्रासारखेच सढळ हाताने तेल दिले, रबरासकट. मागच्यांना देणार तोच कुकरची शिट्टी झाली. दीपाली आली, तिने बटण दाबले, आणि रोबो असा गर्रकन वळला की पिठाचा डबा आडवा झाला आणि यांनी पाय वर घेतले. ‘आई, चाकाच्या रबराला कुणी तेल लावतं का?’ म्हणून ती ओरडली. मग पिठातच मांडी घालून बसली आणि पुढचे एक चाक बोटाने फिरवत राहिली. म्हणाली, ‘पुढच्यांना आडवी पकड नकोच आहे. मागची दोन ढकलतील, पुढची नुसती घसरू देत.’ मी पीठ चाळून घेतले. (चांगले होते. दोन दिवस पोळ्या केल्या.)

तिने पुढच्या बाजूला तेलाऐवजी गुळगुळीत, आडवी सरकणारी चाके बसवली. रविवारी चाचणीत रोबो वजनात बसला आणि लग्नात नवरी वळावी तसा वळला. श्रीनिवासने स्वतःच्या हाताने फळ्यावर चासीपुढे दीपालीचे नाव लिहिले. रिपोर्ट आता तो लिहितो आहे.

बाकी सर्व क्षेम. संजयला आशीर्वाद, सूनबाईला जपावे.

आपली,
शालन

ता. क. नळी कुठली ते राहिलेच. हडपसरचा फ्लॅट आयटीतल्या मुलांना भाड्याने देताना आपण आपल्या दोन फोल्डिंगच्या कॉट आमच्या गॅलरीत ठेवल्या आणि ‘नीट सांभाळ’ म्हणालात. त्यातली एक अगदी नीट आहे. दुसरीची नवारही मी वाया घालवलेली नाही, रोबो उचलायचे पट्टे तिचेच केले.

आणखी एक. तेव्हापासून सकाळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी, न दिलेले न घेण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली जातो. हे आतून विचारतात, घसा बसला का. तरी उत्तरात ‘कॉट दिली’ एवढे लिहावे, पण मनापासून. मागची तारीख घालू नये, पुढे खोटे न बोलण्याचेही शील आहे. आपण एप्रिलमध्ये येणारच आहात, तर पौर्णिमा गाठून यावे. अष्टशील घेतले की उंच बिछाना वर्ज्यच असतो. एरवी दिवाण आपला.

शेवटचे. दुसरा रोबो अजून लोखंडाचाच आहे. काल श्रीनिवास गॅलरीत उभा राहून चहा पीत होता आणि त्याची नजर कुठे होती ते मी पाहिले. मी सांगितले, आक्कांचे पत्र येईपर्यंत त्या कॉटला हात लावायचा नाही. तो आता रोज येऊन पोस्टमन आला का विचारतो, आणि दोन कप चहा घेतो. म्हणून लिहिताना दोन्ही कॉटींचे एकदमच लिहावे, म्हणजे तिकीट वाचेल आणि चहाही.