वाघनखातलं हाड

आई,

तू माझ्या गळ्यात वाघनख बांधलंस तेव्हा मी तापाने फणफणले होते. सातपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात मला मांडीवर घेऊन तू काळ्या दोऱ्याची गाठ मारतेस आणि म्हणतेस, "आता काही होत नाही माझ्या पोरीला." पुढे कॉलेजात असताना मी हसून ते काढून ठेवलं, तर केवढी चिडलीस! "चार बुकं शिकलीस म्हणून आईला वेड्यात काढू नकोस." मी जनावरांची डॉक्टर झालेली पाहायला तू राहिली नाहीस, म्हणून त्यानंतरचा एक दिवस तुला सांगते.

वनखात्याच्या साहेबांनी एक वाघनख तपासायला आणलं. घोटीच्या बाजारात एका माणसाजवळ सापडलेलं. ते जवळ बाळगणंच गुन्हा, खरं निघालं तर तो तुरुंगात जाणार. त्याची बायको तान्हं पोर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "इकाया नव्हतं नेलं, बाई. पोराच्या गळ्यातली कडी तुटली व्हती, सोनाराकडं चालला व्हता." मी विचारलं, नख खोटं असू शकेल का? तशी ती उसळलीच. "खोटं कसं आसंल? माझ्या आजेसासऱ्यानं आणल्यालं हाय!" साहेब शेजारीच उभे. मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. अगं बये, गप्प बस, नवरा आत जाईल तुझा!

खऱ्या वाघनखाच्या आत हाड असतं, ते एक्स-रेत दिसतं. शिंगातून कोरलेलं असेल तर आत काहीच नाही. डार्करूममध्ये मी फिल्म द्रावणात हलवतेय. हाड दिसू नये एवढंच मागतेय, आणि कोणाकडे मागतेय तेही कळत नाही. ओली फिल्म खिडकीशी उजेडात धरली. हाड नव्हतं.

"शिंग आहे," मी बाहेर येऊन सांगितलं. "सुटेल तुमचा नवरा." मला वाटलं ती हसेल, निदान रडेल तरी. ती पोराच्या मोकळ्या गळ्याकडे बघत राहिली.

"मंग इतकी वर्सं आमच्या पोरांना राखलं कोनी?"

त्या तापात माझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते मला माहीत होतं. तेवढं तरी तिला सांगायला हवं होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, कपाटातच राहील. तुझं वाघनखही तिथेच आहे. एक्स-रेचं यंत्र रोज माझ्या हाताखाली असतं, पण ते नख मी अजून त्याखाली धरलेलं नाही. खरं निघालं तर खात्याला द्यावं लागेल. खोटं निघालं तर तुला पुन्हा हसल्यासारखं होईल. छाती होत नाही गं माझी.